नवीन डिस्क घ्यायच्या आधी सर्व्हरवर डीड्यूप लावून पाहा

मार्च एंड आला की आपल्याकडच्या पतसंस्था, जिनिंग, सूतगिरणी, कॉलेज, कुठूनही फोन येऊ दे, गोष्ट एकच असते. सर्व्हर भरला. डी ड्राइव्ह लाल झाला, स्कॅन सेव्ह होऊन नाही राहिला, आणि लगेच पुढचं वाक्य, नवीन हार्डडिस्कचं कोटेशन पाठवून द्या. कोटेशन पाठवायला काही लागत नाही, पण मग ते मीटिंगला जाणार, तीन कोटेशनं मागवणार, माल नागपूरहून येणार, तोवर लोकं आपापल्या डेस्कटॉपवर फायली ठेवत बसणार आणि डिस्क आली की त्याच फायली परत सर्व्हरवर चढवणार, त्याही दोन-दोनदा. म्हणून माझं म्हणणं असं की डिस्क घ्या नका घ्या, आधी एक दिवस काढून सर्व्हरवर एकच माल किती वेळा पडून आहे ते मोजा. विंडोज सर्व्हर असेल तर डीडुप्लिकेशन त्यातच आहे, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं काम नाही. सगळे याला डीड्यूप म्हणतात, मीही तेच लिहितो.

आधी ते करते काय हे थोडक्यात समजून घ्या, नाही तर पुढच्या सेटिंगा नुसत्या पाठ कराव्या लागतात. सर्व्हर फाइल वाचतो आणि तिचे तुकडे पाडतो, याला चंक म्हणतात, विंडोजमध्ये हा तुकडा ३२ केबी ते १२८ केबीच्या मधात कितीही असू शकतो. प्रत्येक तुकड्यावर गणित करून एक लांबलचक आकडा काढतो, तो हॅश. हाच हॅश आधी कुठं येऊन गेला असेल तर तुकडा परत ठेवत नाही, जुन्याकडे बोट दाखवणारी नोंद ठेवतो. आपल्या गावात मोठे गंज, पराती, झारे समाजमंदिरात एकाच ठिकाणी असतात आणि कोणाच्या घरी कार्य आहे ते वहीत लिहिलेलं असते, घरोघरी पन्नास माणसांचा गंज कोणी घेऊन ठेवत नाही, तसंच हे. आणि त्याच हिशोबानं, समाजमंदिरातला गंज फुटला तर तो सगळ्या गावाचा फुटतो, हे पण ध्यानात ठेवा, त्यावर खाली येतोच.

तुकड्याची साइज कमी-जास्त काहून ठेवतात असं कोणी विचारलं तर त्याचं कारण आहे. सगळे तुकडे एकाच मापाचे पाडले आणि फाइलच्या सुरुवातीला कोणी एक ओळ वाढवली, तर पुढचं सगळं सरकते आणि एकही तुकडा जुन्याशी जुळत नाही. म्हणून फाइलच्या आतला मजकूर पाहून तुकड्याची हद्द ठरवतात, मग वरती ओळ घुसली तरी एखाद-दुसरा तुकडा बदलतो, बाकीचे तसेच राहतात. नेटअ‍ॅपसारख्या मोठ्या स्टोरेजवर मात्र ४ केबीचे ठरलेल्या मापाचेच ब्लॉक असतात. तिथं ब्लॉक इतका बारीक आहे की बहुतेक वेळा भागून जाते.

आधी आपल्याकडे माल कोणता आहे ते पाहा

इथंच सगळं ठरते. डीड्यूपनं किती जागा वाचेल हे सॉफ्टवेअर नाही ठरवत, तुमच्या ऑफिसात फायली कशा तयार होतात त्यावर ते ठरते. म्हणून सर्व्हरसमोर बसायच्या आधी शाखेत, काउंटरवर, अकाउंट सेक्शनला जाऊन विचारा, बाप्पा ही फाइल तू कुठून घेतो, कुठं ठेवतो, कोणाकोणाला देतो.

पतसंस्थेचंच घ्या. २०१७ ला छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आली, २०१९ च्या डिसेंबरात महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती आली, मधात पीएम किसान, आणि दर टायमाला सातबारा, आधार, पासबुकाचं पहिलं पान गोळा करा. शाखेनं एक फोल्डर केला, हेड ऑफिसनं तो जसाच्या तसा कॉपी केला, ऑडिटरला द्यायला तिसरा, आणि 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन खरोखर' हे आहेतच. या कॉप्या बाइट टू बाइट सारख्या असतात, इथं डीड्यूप एकदम मस्त चालते, पाच कॉप्यांची जागा एका कॉपीएवढी होते.

पण तोच सातबारा शाखेत एकदा स्कॅन केला आणि हेड ऑफिसला कागद आल्यावर परत स्कॅन केला, तर माणसाला तो कागद एकच दिसते, मशीनला नाही दिसत. कागद जरासा तिरपा बसला, काचेवर धूळ होती, तेवढ्यानं सगळे बाइट बदलतात. तिथं वाचणार शून्य. त्याला उपाय डीड्यूपचा नाही, दुसऱ्यांदा स्कॅनच करायचा नाही हा आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फायलींचं पण असंच दोन प्रकारचं आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला पीडीएफ जसाच्या तसा येतो, त्यामुळे एकच जीआर दहा शाखांनी आपापल्या फोल्डरात टाकला तरी जागा एकाचीच. फोटो म्हणून पाठवलेलं मात्र व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करते, ते मूळ फोटोशी जुळत नाही.

वर्ड-एक्सेलच्या आजच्या फायली, म्हणजे डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स, या आतून झिपच असतात. पूर्ण सारखी कॉपी असेल तर फायदा, पण एका सेलमध्ये आकडा बदलून सेव्ह केली की आतला बराचसा माल नव्यानं दाबल्या जातो आणि जुन्याशी फारसा जुळत नाही. झिप, रार, जेपेग, व्हिडिओ यांना हाच नियम. सीसीटीव्हीचं तर नावच काढू नका, काट्यावरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग रोज वेगळं असते आणि आधीच दाबलेलं असते, ते फोल्डर सरळ वगळायचं. व्हिडिओसाठी किती दिवस ठेवायचं हे ठरवा आणि जुनं खोडा, दुसरा इलाज नाही.

सगळ्यात जास्त फायदा दोन ठिकाणी होतो. एक, रोजच्या तारखेचे बॅकअप फोल्डर, अकाउंटचा डेटा रोज पूर्ण कॉपी होते आणि त्यात कालच्यापेक्षा बदललेलं थोडंसंच असते. दुसरं, व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे एकाच सर्व्हरच्या आत चालणाऱ्या वेगवेगळ्या कॉम्प्युटरच्या, बॅकअप फायली, कारण पाच मशीन असल्या तर पाचही जागी तेच विंडोज. फक्त बॅकअप करणारं सॉफ्टवेअर स्वतःच दाबून किंवा पासवर्ड लावून फाइल बनवत असेल तर ते आधी बंद करावं लागते. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या बॅकअपला कॉम्प्रेशनचा, म्हणजे दाबून ठेवायचा, पर्याय असतो, तो चालू ठेवून वरून डीड्यूप लावलं तर काहीच हाती लागत नाही. क्रम ध्यानात ठेवायचा: आधी डीड्यूप, मग कॉम्प्रेशन, सगळ्यात शेवटी एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येऊ नये असं करणं. उलटा केला की खेळ खल्लास, कारण एन्क्रिप्ट केलेला माल यंत्राला नुसता गोंधळ दिसतो, त्यात सारखं काही सापडत नाही.

मोजायचं कसं

विंडोज सर्व्हर २०१२ पासून हे फीचर आहे. घरचं विंडोज १० किंवा ११ असेल तर मायक्रोसॉफ्ट ते देत नाही, सर्व्हर एडिशनच पाहिजे. सर्व्हर मॅनेजर उघडा, अ‍ॅड रोल्स अँड फीचर्समध्ये जा, फाइल अँड स्टोरेज सर्व्हिसेस, त्यात फाइल अँड आयस्कझी सर्व्हिसेस, त्यात डेटा डीडुप्लिकेशनला टिक मारा आणि इन्स्टॉल करा. नुसतं इन्स्टॉल केल्यानं डेटाला काही होत नाही, घाबरू नका, ड्राइव्हवर चालू करणं हे वेगळं काम आहे.

इन्स्टॉल झालं की विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये डीडीपीइव्हॅल (ddpeval) नावाचा छोटा प्रोग्राम येतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये त्याचं नाव, पुढं ड्राइव्ह किंवा फोल्डरचा पत्ता, बस. तो फायली वाचून सांगतो की डीड्यूप लावलं तर किती टक्के जागा वाचेल, फाइलला हात लावत नाही. ही एकच फाइल दुसऱ्या मशीनवर नेऊनही चालते, विंडोज ७ च्या पुढं कुठंही, आणि नेटवर्कवर शेअर केलेल्या फोल्डरवरही चालते, म्हणजे जुन्या सर्व्हरवर काही न टाकता त्याचा अंदाज घेता येतो. पूर्ण ड्राइव्हवर एकदम नका चालवू, फोल्डर-फोल्डर वेगळा मोजा, केवायसी वेगळा, बॅकअप वेगळा, अकाउंट वेगळा. मग दिसते की जागा खरी कुठं आहे. वेळ लागतो, डेटा जितका तितका, म्हणून संध्याकाळी लावून द्यायचं.

तुलनेसाठी मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे आकडे असे आहेत: लोकांची साधी डॉक्युमेंटं असतील तर ३० ते ५० टक्के, मिसळ फाइल शेअर असेल तर ५० ते ६०, सॉफ्टवेअरच्या सेटअप फायली असतील तर ७० ते ८०, व्हर्च्युअल मशीनच्या फायली असतील तर ८० ते ९५. तुमच्या फोल्डरला १० टक्क्यांच्या आत येऊन राहिलं तर त्या फोल्डरला डीड्यूप लावूच नका, कायले मशीनला कामाला लावता. ३०च्या वर गेलं की विचार करायचा.

टक्के आणि रेशो यात लोकं फसतात, सेल्सवाले मुद्दाम रेशोत बोलतात. २:१ म्हणजे ५० टक्के वाचले, ५:१ म्हणजे ८०, १०:१ म्हणजे ९०, आणि २०:१ म्हणजे ९५. पाहा, दहाचा वीस झाला, ऐकायला दुप्पट, पण हाती आले फक्त ५ टक्के जास्त. खरी कमाई पहिल्या दोन-पाच पटीतच होऊन जाते.

चालू करायच्या आधी

एक पूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. हे सांगायला लागू नये पण लागते. यूपीएसची बॅटरी खरंच किती टिकते ते प्लग काढून पाहा. उन्हाळ्यात आपल्याकडे लाइट दिवसातून कितीदा जाते ते सांगायची गरज नाही, आणि डीड्यूप चालू असताना डिस्कवर लिहा-वाच भरपूर असते. विंडोज हे काम असं करते की मधातच बंद पडलं तरी फाइल सहसा वाचते, पण रोज रोज झटके खाऊन कोणतीच डिस्क टिकत नाही. एप्रिल-मे मध्ये सर्व्हरच्या खोलीत कूलर लावत असाल तर तो सर्व्हरच्या तोंडावर नका लावू, ओल जाते आत. ही डीड्यूपची गोष्ट नाही पण सांगून ठेवतो.

रॅम पाहा. मायक्रोसॉफ्टचा हिशोब असा की कमीत कमी ३०० एमबी आणि वरून दर टीबी डेटामागं ५० एमबी, म्हणजे १० टीबीला ८०० एमबी. पण ते अगदीच उपाशी चालवणं झालं, चांगलं चालायला दर टीबीला १ जीबी मोकळी रॅम धरा. ८ जीबीच्या सर्व्हरवर डेटाबेसही चालून राहिला असेल तर आधी रॅम वाढवा, ती डिस्कपेक्षा स्वस्तात होते.

सी ड्राइव्हवर डीड्यूप लागत नाही, जिथं विंडोज आहे तो भाग सोडावाच लागतो. सगळंच सी मध्ये भरलेलं असेल तर आधी डेटा वेगळ्या ड्राइव्हवर काढा. चालू डेटाबेसचं फोल्डर, म्हणजे ज्यावर दिवसभर एंट्र्या होतात, ते वगळा. ते दिवसभर उघडंच असते, उगा ओढाताण होते.

चालू करणं

सर्व्हर मॅनेजरमध्ये फाइल अँड स्टोरेज सर्व्हिसेस, व्हॉल्यूम्स, तुमच्या ड्राइव्हवर राइट क्लिक, कॉन्फिगर डेटा डीडुप्लिकेशन. वरती तीन प्रकार विचारते, साधा फाइल सर्व्हर, व्हर्च्युअल डेस्कटॉपचा सर्व्हर, आणि बॅकअप सर्व्हर. ऑफिसच्या शेअरला पहिला घ्या. खाली किती दिवस जुन्या फायली घ्यायच्या ते विचारते, आधीच ३ लिहिलेलं असते. ते तसंच ठेवा, कारण आज बनलेली फाइल उद्या-परवा बदलणारच असते, तिच्यावर मेहनत कशाला. त्याच खिडकीत वगळायचे फोल्डर आणि एक्स्टेन्शन टाकायची जागा आहे, तिथं सीसीटीव्ही आणि डेटाबेस टाका. ३२ केबीपेक्षा लहान फायली ते तसेही घेत नाही.

आता शेड्यूल. याच्यावर मी जास्त लिहून राहिलो कारण आपल्याकडच्या ऑफिसात इथंच घोळ होतो. विंडोजचं डीड्यूप फाइल लिहिताना लगेच नाही होत, फाइल आधी पूर्ण साइजची लिहिल्या जाते आणि नंतर मागून काम चालते. मागच्या कामाचे तीन भाग आहेत. पहिलं ऑप्टिमायझेशन, म्हणजे तुकडे पाडून सारखे शोधणं, ते दर तासाला हळू हळू चालते आणि सर्व्हरवर लोड आला की थांबते. दुसरं गार्बेज कलेक्शन, म्हणजे ज्या तुकड्यांना आता कोणीच वापरत नाही ते खरोखर पुसणं. तिसरं स्क्रबिंग, म्हणजे तुकडे खराब तर नाही झाले हे तपासणं. गार्बेज कलेक्शनचा ठरलेला टाइम आहे शनिवारी पहाटे २:३५, स्क्रबिंगचा शनिवारी पहाटे ३:३५.

आता मला सांगा, आपल्याकडच्या किती ऑफिसात सर्व्हर शनिवारी पहाटे चालू असतो? चपराशी सहा वाजता मेन स्विच खाली पाडून कुलूप लावून जातो. म्हणजे हे दोन्ही काम कधी होतच नाही. मग तक्रार अशी येते की आम्ही १०० जीबीच्या जुन्या फायली खोडल्या, रिसायकल बिन पण साफ केला, तरी जागा तेवढीच दाखवून राहिली. दाखवणारच. फाइल खोडली म्हणजे फक्त नोंद गेली, तुकडे तिथंच पडून आहेत, ते गार्बेज कलेक्शन चाललं तेव्हाच सुटतात.

म्हणून टायमिंग बदला. ऑप्टिमायझेशनचं टायमिंग त्याच खिडकीतल्या सेट डीडुप्लिकेशन शेड्यूल या बटणातून बदलता येते, तिथं बॅकग्राउंडवालं चालू ठेवा आणि थ्रूपुटवालं, म्हणजे जोरात चालणारं, काउंटर बंद झाल्यावर सर्व्हर जितका वेळ चालू राहते त्या वेळेत टाका. गार्बेज आणि स्क्रबिंगला पॉवरशेल, म्हणजे विंडोजमधली कमांड लिहायची खिडकी, लागते, सेट-डीडपशेड्यूल ही कमांड, त्यात दिवस आणि टाइम द्यायचा. गार्बेज कलेक्शन डिस्कला चांगलंच पिळते, कॅश काउंटर चालू असताना लावू नका, शाखेतून फोनवर फोन येतील. आठवड्यातून एक दिवस सर्व्हर रात्रभर चालू ठेवा असं लेखी ठरवून घेतलेलं सगळ्यात बरं, आणि स्विचबोर्डवर कागद चिकटवा की हा स्विच पाडू नये.

पहिलं ऑप्टिमायझेशन लय वेळ खाते, सगळा जुना माल एकदम चावायचा असतो. त्यासाठी पोळा आणि तान्ह्या पोळ्याची लागून सुट्टी असते ती पकडा, नाही तर दिवाळी. पॉवरशेलमध्ये स्टार्ट-डीडपजॉब देऊन हातानं सुरू करता येते.

मग काय दिसते

गेट-डीडपस्टेटस ही कमांड दिली की किती जागा वाचली, किती फायली झाल्या ते येते. सर्व्हर मॅनेजरच्या व्हॉल्यूम्सच्या यादीतही डीडुप्लिकेशन रेट नावाचा रकाना असतो. एक्सप्लोररमध्ये मात्र फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिली तर दोन आकडे दिसतात, साइज आणि साइज ऑन डिस्क. डीड्यूप झालेल्या फाइलची साइज ऑन डिस्क शून्य किंवा अगदीच किरकोळ दिसते, कारण तिचे तुकडे सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन या लपलेल्या फोल्डरात गेले. हे आधी सगळ्यांना सांगून ठेवा. नाही तर शाखेतल्या ताईंचा फोन येतोच, "दादा, माह्या केवायसीच्या फायली झिरो दाखवून राहिल्या, गेल्या का वो सगळ्या?" नाही गेल्या ताई, उघडून पाहा, उघडते. आणि ते लपलेलं फोल्डर कोणी साफसफाईच्या उत्साहात खोडायला जाऊ नये, सगळा माल त्यातच आहे.

महिन्याला एकदा वाचलेला टक्का वहीत लिहून ठेवा. हळू हळू बदलला तर ठीक. पण एका दिवशी वाचलेली जागा धाडकन कमी झाली आणि डिस्क भरू लागली, तर आधी नेटवर्कची केबल काढा आणि मग पाहा. रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप लावून पैसे मागणारा व्हायरस, फायली एन्क्रिप्ट करते तेव्हा नेमकं असंच होते, सारखे तुकडे सारखे राहत नाही.

बॅकअपचं वेगळं पाहावं लागते

डीड्यूप म्हणजे बॅकअप नाही, उलट डीड्यूपनंतर बॅकअपची गरज वाढते. आधी एकाच कागदाच्या पाच कॉप्या होत्या, एक खराब झाली तर चार होत्या. आता पाचही फायली एकाच तुकड्यावर उभ्या आहेत. विंडोज ज्या तुकड्यांना खूप फायली वापरतात त्यांची जास्तीची कॉपी स्वतःच ठेवते, आणि खाली रेड, म्हणजे एक डिस्क गेली तरी माल वाचावा म्हणून दोन-चार डिस्का मिळून केलेली जोडणी, असेल तर आणखी आधार, तरी डिस्कच गेली किंवा खोलीत पाणी शिरलं तर काय. एक कॉपी त्या इमारतीच्या बाहेर पाहिजेच.

बाहेरच्या डिस्कवर फायली साध्या कॉपी-पेस्ट केल्या तर त्या फुगून पूर्ण साइजच्या होतात. म्हणजे समजा ४ टीबीचा माल डीड्यूपनं २ टीबीत बसला, तर २ टीबीची एक्स्टर्नल घेऊन चालणार नाही, ४ टीबीच लागेल. पूर्ण व्हॉल्यूमची इमेज घेणारा बॅकअप असेल तर माल डीड्यूप झालेल्या अवस्थेतच जातो, त्यातून एकेक फाइल परत काढता येते का ते मात्र तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये करून पाहा.

आणि ही गोष्ट लिहूनच ठेवा: सर्व्हर जळला आणि डीड्यूप लागलेली डिस्क काढून तुम्ही साध्या विंडोज ११ च्या कॉम्प्युटरला लावली, तर फायलींची नावं दिसतील, फायली उघडणार नाही. डीड्यूप टाकलेलं विंडोज सर्व्हरच लागते, आणि तेही जुन्यापेक्षा जुन्या व्हर्जनचं नको. तालुक्याच्या गावात अशा वेळी दुसरा सर्व्हर लगेच कुठून आणणार? म्हणून बाहेरचा बॅकअप तरी साध्या फुगलेल्या फायलींचा ठेवा, कोणत्याही लॅपटॉपवर उघडला पाहिजे.

विंडोज नसेल तर

नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडायचा डिस्कांचा डबा, आणि त्यात झेडएफएस ही फाइल सिस्टम, असं बऱ्याच ठिकाणी आलं आहे. त्यात डीड्यूपचा एक पर्याय दिसतो, एक क्लिकचं काम, आणि लोकं तो दाबून टाकतात. माझं स्पष्ट मत, लहान नॅसवर तो दाबू नका. झेडएफएस फाइल लिहितानाच डीड्यूप करते, त्यामुळे प्रत्येक ब्लॉकची नोंद हाताशी, म्हणजे रॅममध्ये लागते. एका नोंदीला साधारण ३२० बाइट धरतात. १२८ केबीचे ब्लॉक असतील तर १ टीबीत जवळपास ८४ लाख ब्लॉक, म्हणजे अडीच जीबीच्या वर रॅम, आणि ब्लॉक सरासरी ६४ केबीचे निघाले तर ५ जीबी, फक्त एका टीबीला. रॅम पुरली नाही की नोंद शोधायला डिस्कवर जावं लागते आणि सगळं नॅस बैलगाडीच्या स्पीडनं चालते. नुसत्या खोडण्यालाही तास तास लागू शकतात. वरून ते चालू केल्यानंतर लिहिलेल्या मालालाच लागू होते, जुन्याला नाही, आणि बंद केलं तरी झालेलं डीड्यूप तसंच राहते. जानेवारी २०२५ च्या ओपनझेडएफएस २.३ मध्ये फास्ट डीड्यूप आलं, त्यात ही नोंदवही बरीच आटोपशीर केली आहे, तरी आधी झेडडीबी कमांडनं अंदाज काढा, तिला मोठा एस लावला की ती डीड्यूप न करता फक्त हिशोब सांगते. त्यापेक्षा एलझेड४ कॉम्प्रेशन चालू करा, रॅम मागत नाही, स्पीडवर फरक पडत नाही, मजकुराच्या आणि अकाउंटच्या फायली चांगल्या दाबते.

रेड हॅट लिनक्समध्ये व्हीडीओ नावाचं डीड्यूप आहे, ७.५ पासून, २०१८ साली आलं. त्यात ४ केबीचे ब्लॉक. चांगलं आहे, पण त्यात वरती दिसणारी जागा आणि खरी जागा वेगळी असते. वरती ५ टीबी दिसते, खाली डिस्क २ टीबीची, आणि डीड्यूप अंदाजापेक्षा कमी झालं तर वरती मोकळं दिसत असतानाच खाली भरून जाते आणि लिहिणं थांबते. व्हीडीओस्टॅट्स रोज पाहायची सवय असेल तरच लावा.

फक्त बॅकअपसाठी पाहिजे असेल तर बोर्ग किंवा रेस्टिक ही बॅकअपची सॉफ्टवेअरं घ्या, दोन्ही फुकट. ती आधी तुकडे पाडून सारखे काढतात आणि मग एन्क्रिप्ट करतात, म्हणजे वर सांगितलेला क्रम आपोआप पाळल्या जातो, आणि शाखेच्या बारीक इंटरनेटवरून रोज फक्त नवे तुकडेच जातात. मला विचाराल तर ग्रामीण शाखांसाठी यापेक्षा कामाची गोष्ट नाही.

दोन वेगळ्या तुकड्यांचा हॅश सारखाच निघाला तर काय, हा प्रश्न कॉलेजचे पोरं हमखास विचारतात. २०१७ मध्ये गूगल आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेनं शा-१ हा जुना हॅश वापरून मुद्दाम असे दोन पीडीएफ बनवून दाखवले होते. झेडएफएस शा-२५६ वापरते, तिथं आपोआप असं होण्याची शक्यता इतकी कमी आहे की त्याच्या आधी डिस्क दहादा जाईल. तरी जीव लागत नसेल तर त्यात व्हेरिफायचा पर्याय आहे, बाइट टू बाइट जुळवूनच पुढं जाते, जरा स्लो होते.

मोठं स्टोरेज विकत घेत असाल तर

डीड्यूपचे तयार डबे विकणारी डेटा डोमेन ही कंपनी २००१ ला निघाली आणि २००९ मध्ये तिच्यासाठी नेटअ‍ॅप आणि ईएमसी या दोन स्टोरेज कंपन्यांची बोली लागली, शेवटी ईएमसीनं २ अब्ज डॉलरच्या वर मोजून घेतली. तेव्हापासून प्रत्येक स्टोरेजवाला कोटेशनमध्ये तीन आकडे टाकतो. रॉ म्हणजे डिस्कांची बेरीज, यूजेबल म्हणजे रेड वगैरे वजा जाऊन उरलेली, आणि इफेक्टिव्ह म्हणजे डीड्यूप-कॉम्प्रेशन धरून केलेला अंदाज. तिसरा आकडा मोठ्या अक्षरात असतो. तुलना करायची ती यूजेबलची, आणि इफेक्टिव्हवर बोलायचं असेल तर त्यांना सांगा की आमच्या डेटावर मोजून दाखवा, रेशो नाही भेटला तर जास्तीची डिस्क फुकट द्याल असं लेखी द्या. काही कंपन्या असं देतात. जे देत नाही त्यांचा इफेक्टिव्हचा रकाना पेनानं खोडून मग कागद मीटिंगला ठेवा.

राहिलं बंद करण्याचं. डीड्यूप नुसतं डिसेबल केलं तर नवीन फायलींना लागणं थांबते, जुन्या तशाच तुकड्यात राहतात आणि उघडतातही. सगळं पहिल्यासारखं करायला अनऑप्टिमायझेशन नावाचा जॉब चालवावा लागते, आणि त्याला सगळा फुगलेला माल मावेल एवढी मोकळी जागा त्याच ड्राइव्हवर लागते. ४ टीबीचा माल २ टीबीत बसवला आणि मग तिथं आणखी भरत गेलो तर परतीचा रस्ता राहत नाही, आधी माल दुसरीकडे हलवावा लागते. म्हणून वाचलेली जागा पूर्ण वापरून टाकू नका, चौथा हिस्सा तरी मोकळा ठेवा, गार्बेज कलेक्शनलाही तो लागतोच. आणि तेवढाही मोकळा राहून नाही राहिला असं दिसलं की मग मात्र डिस्कचं कोटेशन मागवा.